रुग्णाला ‘इनहेल’ म्हणावं की ‘ब्रीद इन’? परभणीच्या एका सिस्टरला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परभणीत स्टाफ नर्स आहात आणि इंग्लंडला जाण्यासाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करताय. सरावाच्या रोल प्लेमध्ये दम्याच्या रुग्णाला पंप कसा घ्यायचा हे समजावताना तुम्ही ‘प्लीज इनहेल डीपली’ म्हणालात. शिकवणारे म्हणाले, ‘व्याकरण बरोबर आहे, पण असं कोणी बोलत नाही,’ आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. आता तुम्हाला प्रश्न पडलाय की हा शब्द पुस्तकात, औषधाच्या खोक्यावर, योगाच्या व्हिडिओत जिथे तिथे दिसतो, तर तो वापरायचा तरी कुठे? आणि डॉक्टर केसपेपरवर ‘इन्स्पिरेशन’ लिहितात, ते आपण बोलायचं का?

मी लातूरला नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं छातीच्या वॉर्डात नर्स होते, त्यामुळे श्वास घ्यायला सांगण्याचं काम मी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे केलेलं आहे. तुमच्या शिक्षकांनी सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच सांगितलं. शब्दकोश उघडला की ‘इनहेल’ आणि ‘ब्रीद इन’ या दोन्हींपुढे एकच अर्थ दिसतो, श्वास आत घेणे. मग मुलींना वाटतं की दोन्हींतला जो जास्त शिकलेला वाटतो तो वापरावा, म्हणजे परीक्षक खूश. आपल्याकडे शाळेपासून तसंच शिकवलंय, मोठा शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी. तुमची अडचण शब्दाच्या अर्थाची नाहीच मुळी. तो शब्द कोण कोणाशी बोलताना वापरतं, हे तुम्हाला कोणी दाखवलेलं नाही.

मराठीत हेच आपण न शिकता करतो. वॉर्डातल्या म्हातारीला आपण ‘श्वसन करा’ म्हणत नाही. ‘आजी, मोठा श्वास घ्या. आत ओढा. हां, आता सोडा हळूहळू,’ असं म्हणतो. ‘श्वसन’ आपल्याला माहीत असतं, पाठ्यपुस्तकात असतं, प्रश्नपत्रिकेत आपण तेच लिहितो. पण आजीपुढे तो शब्द आपोआप गिळला जातो. इंग्रजीत ही सवय मुद्दाम लावावी लागते, कारण तिथल्या आज्या आपल्या कानावर पडलेल्या नसतात.

उत्तर थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगून टाकते. समोर रुग्ण आहे की डॉक्टर, तुम्ही बोलताय की लिहिताय, आणि कुठल्या देशात आहात, यावर बरंच ठरतं. इंग्लंडमध्ये वॉर्डातली बोली घरगुती असते, तिथे ‘ब्रीद इन’ हेच चालतं. ऑस्ट्रेलियातही तेच, फक्त तिथे रुग्ण इनहेलरला सर्रास ‘पफर’ म्हणतात. अमेरिकेत ‘इनहेल’ थोडं जास्त कानावर येतं. आखाती देशांत तर अर्ध्याअधिक रुग्णांची मातृभाषाच इंग्रजी नसते, तिथे स्वतः छाती फुगवून दाखवणं कुठल्याही शब्दापेक्षा लवकर पोचतं. तुमची तयारी इंग्लंडची आहे, म्हणून पुढचं सगळं त्या अंगाने सांगते.

मी मुलींना जे सूत्र देते ते असं. माणसाला काही करायला सांगायचं असेल तर ‘ब्रीद इन’. काय आत गेलं त्याबद्दल बोलायचं असेल, धूर, धूळ, वाफ, गॅस, औषध, तर ‘इनहेल’. पहिल्यात लक्ष माणसाच्या छातीकडे असतं, दुसऱ्यात लक्ष आत जाणाऱ्या पदार्थाकडे. म्हणून ‘ही इनहेल्ड अ लॉट ऑफ स्मोक’ हे अगदी सहज वाटतं, आगीच्या बातमीत तसंच छापतात. पण तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ‘इनहेल’ एवढंच म्हटलं, तर ते सूचना लिहिलेला कागद वाचून दाखवल्यासारखं येतं. चूक म्हणता येणार नाही, पण कोरडं वाटतं. ओईटीच्या बोलण्याच्या भागात भाषा प्रसंगाला शोभते का याचे वेगळे गुण असतात, त्यामुळे कोरडेपणा तिथे महागात पडतो.

सूत्राला अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतेच. आधी ते कुठे पक्कं बसतं ते बघा. तुमच्या घरी किंवा शेजारी फवारणीचं औषध असेल तर त्याच्याबरोबरचा इंग्रजी मजकूर वाचा. रसायनांच्या धोक्याच्या सूचना आता जगभर बऱ्याच अंशी ठरीव वाक्यांत लिहितात. त्यात ‘हार्मफुल इफ इनहेल्ड’ असं एक वाक्य आहे, त्याहून जहाल रसायनासाठी ‘फेटल इफ इनहेल्ड’. दोन्हींत विषय आहे पदार्थ, आणि तो आत गेला तर काय होईल. पण वापरणाऱ्याला उद्देशून जी ताकीद आहे ती अशी: ‘डू नॉट ब्रीद डस्ट’, धूळ श्वासावाटे घेऊ नका. आणि श्वासातून विष गेलं तर प्रथमोपचाराचं वाक्य: ‘रिमूव्ह पर्सन टू फ्रेश एअर अँड कीप कम्फर्टेबल फॉर ब्रीदिंग’. माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि श्वास नीट घेता येईल असं ठेवा. एकाच लेबलवर दोन्ही शब्द आहेत आणि प्रत्येकाने आपापलं काम वाटून घेतलंय. अर्थात, आपल्याकडच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आधी बघायचा, इंग्रजी नंतर. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

याच लेबलवर आणखी एक बारकावा दिसतो. ‘ब्रीद डस्ट’मध्ये ‘इन’ नाही. लेबलाची भाषा तोकडी असते म्हणून ते चालतं. बोलताना धुळीबद्दल ‘ब्रीद इन’ किंवा ‘इनहेल’ म्हणावं, आणि हवेबद्दल नुसतं ‘ब्रीद’: ‘दि एअर वी ब्रीद’, ‘ब्रीदिंग क्लीन एअर’. हवा हा श्वासाचा नेहमीचा माल, तिला ‘इन’ जोडायची गरज पडत नाही. हवेसोबत नको ते आलं की ‘इन’ लागतं.

आपल्या भागात हे शिकवायला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. ऑक्टोबरात मळणीयंत्र सुरू झालं की सोयाबीनचं भूस, तुमच्या परभणीत जिनिंगमधली कापसाची तूस, वसमतकडे हळदीच्या पॉलिशची पिवळी धूळ, आमच्या लातुरात डाळ मिलची. रुग्ण आला की मराठीत आपण विचारतो, ‘कामावर धूळ नाकातोंडात जाते का?’ इंग्रजीत हाच प्रश्न ‘डू यू ब्रीद इन अ लॉट ऑफ डस्ट अॅट वर्क?’ असा विचारा. रुग्ण होय म्हणाला, की डॉक्टरांना लिहायच्या पत्रात तेच ‘रेग्युलरली इनहेल्स कॉटन डस्ट’ होतं. एकच माहिती, बोलताना एक रूप, लिहिताना दुसरं. कापसाच्या धुळीचा हा प्रश्न मी नेहमी विचारायला लावते, कारण त्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजारात सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. रुग्ण ते आपणहून सांगत नाही, विचारल्यावरच सांगतो.

‘इनहेल’ डॉक्टरी अंगाचा का वाटतो, याला थोडा इतिहास आहे. ‘इनहेलर’ हे नाव रूढ करणारा म्हणून प्लिमथच्या जॉन मज या डॉक्टरचं नाव घेतात. त्याने 1778 मध्ये खोकल्यावरच्या पुस्तकात एका उपकरणाचं वर्णन केलं. कथलाच्या झाकणाच्या मगाला नळी बसवलेली, आत गरम पाणी, आणि रुग्णाने नळीतून वाफ ओढायची. म्हणजे आपला वाफाराच. आज खिशात मावणारा, दाबला की मोजून औषध सोडणारा पंप बाजारात आला तो 1956 मध्ये. म्हणून ‘इनहेलर’ हे नाव इंग्रजांच्या घराघरांत पोचलं तरी ‘इनहेल’ हे क्रियापद अजून दवाखान्याच्या बाजूलाच जास्त रेंगाळतं. रुग्ण म्हणतो, ‘आय टुक टू पफ्स ऑफ माय इनहेलर’. ‘आय इनहेल्ड माय इनहेलर’ असं तो म्हणत नाही.

आता वॉर्डातली खरी वाक्यं. तिकडची नर्स छातीला स्टेथोस्कोप लावताना म्हणते, ‘कॅन यू टेक अ नाइस डीप ब्रेथ इन फॉर मी?’ यातल्या ‘फॉर मी’चा ‘माझ्यासाठी’ असा अर्थ लावू नका. तो फक्त हुकूम मऊ करतो, आपण ‘जरा’ म्हणतो तसा. ‘नाइस’ही तसाच. ‘जरा मोठा श्वास घेता का’ या एवढ्या वाक्यात आपण जे करतो, तेच तिथे या दोन तुकड्यांनी होतं. एक्स-रे काढणारा म्हणतो, ‘बिग ब्रेथ इन, होल्ड इट, अँड ब्रीद अवे’. शेवटच्याचा अर्थ आता नेहमीसारखा श्वास घ्या, लांब जाऊन घ्या असा नाही. घाबरलेल्या माणसाला ‘इन थ्रू युअर नोज, आउट थ्रू युअर माउथ’, इथे तर क्रियापदच लागत नाही. लहान पोराला ‘स्मेल द फ्लॉवर, ब्लो आउट द कँडल’, आधी फुलाचा वास घे, मग मेणबत्ती विझव. यांतल्या एकाही वाक्यात ‘इनहेल’ नाही, हे लक्षात घ्या.

याच वाक्यांत आपल्या मुलींची सगळ्यांत मोठी अडचण लपलेली असते, आणि ती ‘इनहेल’पेक्षा जास्त गुण खाते. ‘ब्रेथ’ हे नाम आणि ‘ब्रीद’ हे क्रियापद. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त शेवटच्या ई या अक्षराचा फरक आहे, उच्चारात दोन फरक आहेत. नामात स्वर आखूड आणि शेवटी थ, क्रियापदात स्वर लांब आणि शेवटी द. देवनागरीत लिहून बघितलं तर दोन्ही फरक डोळ्यांना दिसतात, म्हणून मी वहीत आधी देवनागरीतच लिहायला लावते. घ्यायचा असतो तो ‘अ डीप ब्रेथ’, आणि करायची क्रिया ‘ब्रीद’. ‘टेक अ डीप ब्रीद’ आणि ‘ब्रेथ इन स्लोली’ ही दोन्ही चुकीची वाक्यं मी दर बॅचला ऐकते. त्यातला छोटा ‘अ’सुद्धा आपण गाळतो, कारण मराठीत त्याची जागाच नाही. ‘टेक डीप ब्रेथ’ म्हटल्याने रुग्णाचं काही अडत नाही, परीक्षकाच्या कानाला मात्र ते सारखं टोचतं.

‘इनहेल’चा उच्चारही बघून घ्या, कारण लिहिताना-बोलताना तो लागणारच. मराठीत ‘न्ह’ हा एकजीव आवाज आहे. उन्हाळा, तान्हं, चिन्ह. त्यामुळे आपण ‘इन्हेल’ म्हणतो, उन्हाळ्यातल्या न्ह सारखं. इंग्रजीत तो जोड नाही. ‘इन’ संपतं, मग ‘हेल’ सुरू होतं, आणि जोर ‘हेल’वर. ‘इनहेलर’मध्येही जोर ‘हे’वर. त्याचं नाम मात्र ‘इनहलेशन’, मधला ‘ह’ अगदी पुसट आणि जोर ‘ले’वर. ‘इनहेलेशन’ म्हणू नका. आमच्या वर्गात हे जमायला वेळ लागतो, पण एकदा ‘उन्हाळा नको’ एवढं सांगितलं की मुली स्वतःच स्वतःला पकडतात.

‘इन्स्पायर’कडे येते. तुमच्या प्रश्नाच्या या भागाचं उत्तर सरळ आहे: रुग्णाशी बोलताना कधीच नाही. फुप्फुसाच्या शास्त्रात ‘इन्स्पिरेशन’ म्हणजे श्वास आत घेणं आणि ‘एक्स्पिरेशन’ म्हणजे बाहेर सोडणं. ‘क्रॅकल्स ऑन इन्स्पिरेशन’ (श्वास आत घेताना छातीत कडकड आवाज) हे केसपेपरवर योग्य आहे, तुम्ही डॉक्टरांना फोनवर सांगतानाही योग्य आहे. पण रोजच्या इंग्रजीत ‘इन्स्पायर’ म्हणजे स्फूर्ती देणं. ‘एक्स्पायर’ त्याहून वाईट. औषधाची मुदत संपली तरी ‘एक्स्पायर’, माणूस गेला तरी ‘एक्स्पायर’. आजारी माणसाला तो शब्द उच्चारून घाबरवू नका. बाहेर सोडायला ‘ब्रीद आउट’, आणि रोज बोलायला तेवढं पुरे.

तिसरा एक शब्द नर्सला टाळता येत नाही, ‘अॅस्पिरेट’. अन्न, पाणी किंवा उलटी श्वासनलिकेत गेली की तो शब्द येतो, ‘अॅस्पिरेशन न्यूमोनिया’ त्यातलाच. सिरिंजने द्रव ओढून काढण्यालाही तोच शब्द आहे, म्हणून हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती देताना, संदर्भासकट बोला. रुग्णाचे नातेवाईक हा शब्द वापरणार नाहीत. पाणी पिताना ठसका लागला तर इंग्रज म्हणतो, ‘इट वेंट डाउन द राँग वे’. अमेरिकन ‘राँग पाइप’ म्हणेल. आपल्या ‘ठसका लागला’ला इतकं जवळचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. फक्त एक फरक ठेवा. मिरचीच्या फोडणीने येणारा ठसका यात बसत नाही, तिथे काही गिळलेलं नसतं. त्याला ‘द चिली फ्यूम्स मेड मी कफ’ म्हणा.

आणि इथेच ‘इनहेल’चा एक वापर आहे जो ओळखता आलाच पाहिजे. घाबरलेली आई पोराला घेऊन येते आणि म्हणते, ‘ही इनहेल्ड अ पीनट’. शेंगदाणा श्वासनलिकेत गेलाय. ही तातडीची केस आहे. पोर आता शांत दिसत असलं तरी, कारण पहिला खोकला ओसरल्यावर मूल काही काळ बरं वाटू शकतं आणि दाणा आतच असतो. आपल्याकडे शेंगा भाजण्याच्या, हरभऱ्याच्या हुळ्याच्या दिवसांत अशी पोरं येतातच. आता दुसरं वाक्य ऐका. सोबतची नर्स जेवणाच्या सुट्टीतून पाच मिनिटांत परत येते आणि म्हणते, ‘आय जस्ट इनहेल्ड माय सँडविच’. तिला काहीही झालेलं नाही. तिने तो बकाबका खाल्ला, एवढंच. ही मूळची अमेरिकन बोली, पण आता मालिकांमधून सगळीकडे पोचलीय. व्याकरण दोन्हीकडे सारखंच आहे, फरक वस्तूत आहे. पूर्ण जेवण, पिझ्झा, डबा असं काही असेल तर हादडलं असं समजा. एखादा दाणा, मणी, बटण, खेळण्यातला तुकडा असेल आणि समोर लहान मूल असेल, तर शब्दशः घ्या आणि डॉक्टरांना हाक मारा. शंका असली तर लगेच विचारा, ‘डिड इट गो डाउन द राँग वे? इज शी कफिंग?’

इथवरचं एकदा पक्कं करा. रुग्णाला सूचना देताना ‘ब्रीद इन’ किंवा ‘टेक अ डीप ब्रेथ’. काय आत गेलं ते सांगताना, आणि लिहिताना, ‘इनहेल’. ‘इन्स्पिरेशन’ फक्त नोंदीत आणि डॉक्टरांशी. ‘अॅस्पिरेट’ अन्नपाण्यासाठी, तेही आपसांत.

मग योगाचं काय? तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे ‘इनहेल, एक्सहेल’ हेच चालतं आणि ते अगदी सहज वाटतं. कारण तिथे सूचना तालात द्यायची असते. दोन शब्दांची जोडी बांधलेली असते आणि विरोध दाखवायला जोर पहिल्या अक्षरावर सरकतो: इन-हेल, एक्स-हेल. व्यायामाच्या वर्गात आता ‘ऑन द इनहेल, लिफ्ट युअर आर्म्स’ असंही म्हणतात, म्हणजे क्रियापदाचं नाम झालंय. तो त्या वर्गाचा रिवाज आहे आणि तिथे तो शोभतो. फिजिओथेरपीच्या मुलींना मी सांगते की दम्याच्या रुग्णांचा श्वसनाचा व्यायाम घेताना ही जोडी वापरायला हरकत नाही. माझा आक्षेप एकट्यादुकट्या रुग्णाला ती ठोकून देण्याला आहे.

धूम्रपानाची चौकशी करतानाही ‘इनहेल’ नेमका लागतो. सिगार किंवा पाइप ओढणारे बरेच जण धूर तोंडातच ठेवून सोडतात. म्हणून ‘डू यू इनहेल?’ म्हणजे धूर छातीत घेता का, हा खराखुरा वैद्यकीय प्रश्न आहे. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले बिल क्लिंटन म्हणाले होते की इंग्लंडमध्ये शिकत असताना गांजा ओढून पाहिला होता, पण ‘आय डिडन्ट इनहेल’. हे वाक्य तेव्हापासून इंग्रजीत इतकं रुळलं की अजूनही एखादा रुग्ण ते हसत म्हणू शकतो. तो काय म्हणतोय ते कळलं तर तुम्हीही हसाल आणि पुढचा प्रश्न विचाराल. दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या बायकामुलांबद्दल बोलताना मात्र परत ‘ब्रीद इन’, ‘ब्रीदिंग इन अदर पीपल्स स्मोक’.

वाफाऱ्याचंही सांगून ठेवते, कारण ओईटीत रोल प्लेचा प्रसंग लिहून दिलेलं जे कार्ड मिळतं, त्यावर सर्दी-सायनसचे प्रसंग येऊ शकतात. आपण ‘टेक स्टीम’ म्हणतो, ते भारतीय इंग्रजीत चालतं, तिकडे खटकतं. ‘ब्रीद इन द स्टीम फ्रॉम अ बोल ऑफ हॉट वॉटर’ असं सांगा. कागदावर ‘स्टीम इनहलेशन’. आणि लहान मुलांच्या बाबतीत वाडग्यातल्या गरम पाण्याने भाजायची भीती असते, ती सांगायला कुठल्याही भाषेत विसरू नका.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची: रुग्ण काय बोलेल ते कळलं पाहिजे. आपल्या वॉर्डात बाई म्हणते, ‘दम लई लागायलाय ओ सिस्टर, जीव घाबरायलाय.’ इंग्लंडमधली बाई म्हणेल, ‘आयम ऑल आउट ऑफ ब्रेथ’, ‘आय कान्ट कॅच माय ब्रेथ’, ‘आय गेट पफ्ड गोइंग अपस्टेअर्स’. ‘डिस्प्निया’ हा धाप लागण्याचा डॉक्टरी शब्द एकही म्हणणार नाही. एखादी म्हणेल, ‘दे सेड आय कुड गो होम टुडे, बट आयम नॉट होल्डिंग माय ब्रेथ.’ ती श्वासाबद्दल बोलतच नाहीये. घरी सोडतील याचा भरवसा नाही, असं म्हणतेय. तिला ऑक्सिजन लावायला धावू नका.

आता तुमचा मूळ प्रसंग, पंप. इथे भाषेआधी तंत्र पक्कं हवं, कारण पंपाच्या जातीप्रमाणे श्वास बदलतो आणि त्याबरोबर शब्दही. दाबायच्या पंपात औषध जोराने बाहेर पडतं, म्हणून श्वास हळू आणि एकसारखा घ्यायचा, ‘स्लो अँड स्टेडी’. जोरात ओढला तर औषध घशावर आदळून तिथेच राहतं. आपल्याकडे खूप चालतो तो कॅप्सूलच्या पावडरचा प्रकार उलट आहे. तिथे पावडर उडवायला दुसरी ताकद नसते, रुग्णाचा श्वासच ती ओढून घेतो, म्हणून ‘क्विक अँड डीप’, झटकन आणि खोल. ‘इनहेल डीपली’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो. रुग्णाला किती खोल ते कळतं, कसा ते कळत नाही. शिवाय पावडरच्या उपकरणात फुंकायचं नाही, ओल लागून पावडर चिकटते. म्हणून ‘ब्रीद आउट, अवे फ्रॉम द डिव्हाइस’ हे आधी सांगायचं.

तुमचा रोल प्ले दाबायच्या पंपाचा होता, तर तो भाग असा बोलून बघा. आधी ‘गिव्ह इट अ गुड शेक’. मग ‘ब्रीद आउट जेंटली’. मग ‘पुट युअर लिप्स अराउंड द माउथपीस, स्टार्ट टू ब्रीद इन स्लोली, अँड प्रेस डाउन अॅज यू डू’. इथला ‘अॅज यू डू’ जपा, दाबणं आणि श्वास एकत्र व्हायला हवा हे त्यातच आहे. मग ‘कीप ब्रीदिंग इन, नाइस अँड स्लो’, आणि ‘नाऊ होल्ड युअर ब्रेथ, अप टू टेन सेकंड्स इफ यू कॅन’. दुसरा पफ असेल तर ‘वेट थर्टी सेकंड्स टू अ मिनिट’. स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी ‘रिन्स युअर माउथ अँड स्पिट इट आउट’. हे सगळं घाईने एका दमात म्हणू नका. प्रत्येक पायरीनंतर थांबा, ‘इज दॅट ऑल राइट सो फार?’ विचारा. रोल प्लेला तुम्हाला पाच मिनिटं असतात, त्यात हे आरामात बसतं. घरी फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त ‘ब्रेथ’ आणि ‘ब्रीद’ बघा, बाकी नंतर.

आणि शेवटी, ‘कॅन यू शो मी हाऊ यू विल डू इट अॅट होम?’ हे विचाराच. कार्डावर लिहिलेलं नसलं तरी विचारा. परीक्षेत त्याने रुग्णाला कितपत समजलं हे तुम्ही तपासलंत असं दिसतं. वॉर्डात तर त्यावाचून कळतच नाही की माणूस पंप तोंडात धरून खरोखर श्वास आत घेतोय, की आधी दाबून मग श्वास घेतोय आणि औषध जिभेवरच राहतंय. ही चूक मी परभणीपासून लातूरपर्यंत मराठी रुग्णांत बघितली आहे, आणि तिकडे गेलेल्या माझ्या मुली सांगतात की इंग्रज रुग्णही नेमकी तीच करतात.